इस्मेच्या पातेल्यातली खरवड

मुलगा इतक्या वर्षांनी घरी आला तर आईला आनंद व्हावा. इस्मेलाही झाला, नाही असं नाही. पण तो जेमतेम पहिल्या जेवणापर्यंत टिकला. रॉलने उकडलेल्या नीरफणसाची फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून म्हणाला, "आई गं, काय चव आहे!" तिथंच इस्मेच्या मनात पाल चुकचुकली. याच कार्ट्याने लहानपणी नीरफणसाला नाक मुरडून ताट कुत्र्यापुढे सारलं होतं. टोरांटोत काय जिभा बदलून मिळतात?

बरोबर एक पाहुणा होता. प्रुइट नावाचा, उन्हाने लालबुंद झालेला, सारखा हसणारा. "मित्र आहे माझा. आपलं बेट बघायला आलाय. खाईल, पिईल, फिरेल," रॉल म्हणाला. ठीक आहे, ग्रेनाडात पाहुणे येतातच. धबधब्यावर जातात, जायफळाच्या वखारीत नाक खुपसतात, मागे समुद्र घेऊन स्वतःचे फोटो काढतात. हा बाबा मात्र समुद्राकडे पाठ करून घराचे फोटो काढत होता! आंब्यापासून कुंपणापर्यंत, कुंपणापासून धक्क्यापर्यंत. वर विचारतो कसा, तर पावसात रस्ता वाहून जातो का?

"देखावा बघायला आलेल्या माणसाला रस्त्याशी काय करायचंय गं?" इस्मेने शेजारच्या व्हर्लिनला विचारलं.

"तुझा हा संशयी स्वभाव जाणार तरी कधी, इस्मे? नवऱ्याने एकदा फुलं आणली, तर आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हतीस."

"मग? कशापायी आणली होती ते कळलं ना शेवटी?"

व्हर्लिनने विषय बदलला.

घर साधंच, पत्र्याचं. इस्मेने आणि नवऱ्याने वाळू डोक्यावरून वाहून बांधलेलं. पण पायथ्याशी निळंशार पाणी होतं, आणि नवऱ्याने मरण्याआधी मोठ्या प्रेमाने ते घर मुलाच्या नावावर करून ठेवलं होतं. तेव्हा इस्मेच मान डोलावून बसली होती. आता रात्रंदिवस तेच डोक्यात फिरत होतं.

शनिवारी तिने अंगणातल्या चुलीवर ऑइल डाउन चढवलं. खाली खारवलेलं मांस, त्यावर नीरफणस, पिठाचे गोळे, अळूची पानं, आणि वरून हळद घातलेलं नारळाचं दूध. दूध आटून तळाशी नुसतं तेल सुटलं की झालं. वरचं मऊ पाहुण्यांना, तळाची करपलेली खरवड घरच्यांना, ही सगळ्या गावाची रीत. एरवी नीरफणस म्हटलं की पळणारा रॉल या खरवडीसाठी मात्र बहिणीच्या झिंज्या उपटायचा.

तो चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

"आई, या वयात एकटी किती दिवस काढणार तू इथं? माझ्याकडे चल. तुला वेगळी खोली आहे, लिफ्ट आहे."

"आणि हे घर?"

"बघू ना. प्रुइट म्हणतो, असल्या जागेला..."

"प्रुइट म्हणतो होय!"

"अगं, मी फक्त भाव विचारलाय."

इस्मे उठली. आत गेली आणि कपाटातली फुलाफुलांची ताटं घेऊन आली. ती ताटं पाद्रीबाबा आले तरच बाहेर निघायची. तिने दोन ताटं वाढली, दोन्हींत पातेल्यातलं वरवरचं. प्रुइट वाहवा करत, समुद्र न्याहाळत जेवू लागला. रॉल ताटाकडे बघत राहिला.

"आई, माझी खरवड?"

"ती घरच्यांची असते. भाव विचारायला आलेल्यांनी वरचं खावं," इस्मे म्हणाली. "अजून थोडं वाढू का तुम्हाला?"

जन्मात पहिल्यांदा आईने त्याला 'तुम्ही' म्हटलं होतं. रॉलचा घास हातातच राहिला.

तिने पातेलं पायाशी ओढलं आणि चमच्याने तळ खरवडून खाऊ लागली. तिला रडू येत होतं, आणि ती रडलीसुद्धा, सगळ्यांदेखत. पण खरवडीचा एक कण तिने त्याला दिला नाही.