तात्यांचा न मोडलेला पाय

माझ्या सासऱ्यांचा पाय मोडलेला नव्हता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि त्या पायाला सहा आठवडे प्लास्टर घालणारा, गंगापूर रोडवर मोठ्ठी पाटी लावून बसलेला हाडांचा डॉक्टर मीच!

सासरे, म्हणजे तात्या, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. माझ्या पेशाबद्दल त्यांचं मत ठाम. "ड्रिल, स्क्रू, हातोडी! हे तर आमचा फिटरही करायचा. त्याला कुणी डॉक्टर म्हणत नव्हतं." वीस वर्षं मी हे वाक्य श्रीखंडाबरोबर गिळत आलो.

होळीच्या आदल्या दिवशी गच्चीवरच्या कुरडयांवरून कावळे हाकताना तात्या घसरले. घोटा टम्म सुजला. अख्खं सासर माझ्या दवाखान्यात हजर. एक्स-रे काढला, मी स्क्रीनकडे पाहिलं आणि (देवा, माफ कर) मला आनंद झाला.

"फ्रॅक्चर! सहा आठवडे प्लास्टर."

"आणि रंगपंचमी?" तात्यांचा चेहरा उतरला.

जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. जमिनीतले पुरुषभर खोल हौद, काठोकाठ रंगाचं पाणी. त्यात अंग झोकून मारलेली उडी म्हणजे धप्पा. तात्यांचा धप्पा मिसरूड फुटल्यापासून एका वर्षीही चुकला नव्हता. मुलगी झाल्याचा निरोप त्यांना रहाडीच्या काठावरच मिळाला होता. आनंदाने त्यांनी आणखी एक मारला आणि मग दवाखान्यात गेले!

दुसऱ्या दिवशी मला कळलं, स्क्रीनवर होता तो आधीच्या पेशंटचा घोटा. (त्याला त्याचं प्लास्टर बरोबर मिळालं होतं, एवढीच काय ती अब्रू.) तात्यांचा फोटो मी उघडलाच नव्हता. उघडला. हाड नव्या खडूसारखं अखंड. नुसती मुरगळ!

प्लास्टर कापायची मशीन पिशवीत घालून तडक सासरी गेलो. दारातच तात्यांचा आवाज कानावर आला. शेजाऱ्यांना सांगत होते, "जावयानं नुसता फोटो पाहिला अन् दोन सेकंदांत निदान! हुशार माणूस!"

वीस वर्षांत पहिल्यांदा!

"पिशवीत काय आणलंत?" बायकोने विचारलं.

"द्राक्षं," मी म्हणालो. आणि द्राक्षं आणायला तसाच माघारी वळलो.

रंगपंचमीला तात्या रहाडीच्या काठावर खुर्चीत, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून. मित्र ओरडले, "तात्या, पाय वर धरून मारा, आम्ही झेलतो!" तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या सहलीची परवानगी मागावी तसं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

डॉक्टर म्हणाले, "नाही."

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं, नवा एक्स-रे काढला. तात्या तो घेऊन घरोघर फिरले. "हाड कुठं जोडलंय, दाखवा! शोधा, शोधा!" कुणालाही सापडेना. कसं सापडणार? मग पेशंटची रीघ लागली. पेठहून त्यांचे एक स्नेही मोडका हात घेऊन आले. "तात्यांसारखंच करा, साहेब. निशाणी नाय दिसली पाहिजे." मी जीव ओतून ऑपरेशन केलं. हात उत्तम जुळला, पण फोटोत प्लेट अन् सहा स्क्रू लख्ख! ते खट्टू झाले. "सासऱ्याला येगळं, आम्हाला येगळं व्हय?"

पुढच्या रंगपंचमीला मीच तात्यांना घेऊन रहाडीवर गेलो. म्हटलं, आता तरी हा भार उतरेल.

"मारा धप्पा, तात्या. काही होत नाही."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. दोन पावलं मागे सरकले.

"नको हो. एकदा मोडलेला पाय तो."

"अहो, मी सांगतोय ना, पाय ठणठणीत आहे!"

"तुम्ही हाडांचे मोठे डॉक्टर असाल, जावईबापू," तात्या माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीने म्हणाले, "पण पाय माझा मोडला होता!"

त्यानंतर ते रहाडीत उतरलेले नाहीत. ऑपरेशनमधल्या एकेका स्क्रूचा हिशेब न चुकणारा मी, तीन शब्दांचं एक वाक्य अजून तात्यांचं देणं लागतो: पाय मोडला नव्हता.