टोपीवरचा सोफा

माझ्या प्रबंधाचा विषय सासऱ्यांना कळू नये म्हणून मी दोन वर्षं जीव मुठीत धरून होते.

विषय होता सत्तरच्या दशकातले स्वस्तातले ब्रिटिश चावट विनोदी सिनेमे. नळ दुरुस्तीला आलेला माणूस, टॉवेलातली घरमालकीण आणि ऐन वेळी वाजणारी दारावरची बेल. निर्मात्याची इतकी ओढाताण की एकच सोफा तीन सिनेमांत तीन घरांत दिसतो. बघायला बसावं तर चावटपणा नावालाच, सगळी धावपळ शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मला त्या भित्र्या माणसांचाच अभ्यास करायचा होता. पण हे साताऱ्याच्या निवृत्त मास्तरांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोण सांगणार? फोनवर मी ‘ब्रिटिश मध्यमवर्गाचं समाजजीवन’ असं ठोकून दिलं. त्यांनी ते कौतुकानं अख्ख्या भावकीला सांगितलं.

नवरा म्हणायचा, “सांगून टाक ना एकदाचं.” स्वतः मात्र वडील येणार म्हटल्यावर फ्रिजमधली बिअर शेजारच्यांकडे ठेवून आला.

सासरे आमच्याकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आले ते नेमके माझ्या तोंडी परीक्षेच्या आठवड्यात. इथे ती परीक्षा कुणीही येऊन ऐकू शकतं. “सूनबाई, मी पहिल्या रांगेत बसणार,” त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. त्यानंतर मला एका जागी बसवेना. ओटा पुसून झाला की परत ओटाच पुसायचा. स्लाइडवरची सगळी चित्रं काढून टाकली, तक्ते तेवढे ठेवले. बोलणार जर्मनमधून, त्यामुळे त्यांना अक्षरही कळणार नव्हतं. झालंही तसंच. दीड तास ते ताठ बसून माना डोलावत होते, आणि मी पास झाले.

पण टोपीचं मी विसरलेच होते! इथे परीक्षा झाली की विभागातले सहकारी स्वतः बनवलेली पुठ्ठ्याची टोपी डोक्यावर चढवतात, आणि त्या टोपीवर तुमचा विषय चिकटवलेला असतो. मी स्वतः दुसऱ्यांच्या तीन टोप्या बनवल्या होत्या, तरी माझ्या डोक्यात हे आलं नाही.

“आल्झो, फ्राऊ डॉक्टर!” म्हणजे ‘चला, डॉक्टरबाई!’ टाळ्या वाजल्या आणि टोपी आली. वर लाल सोफा, त्यावर टॉवेल गुंडाळलेली बाहुली, मागे पाना घेतलेला नळवाला, आणि कडेनं दोरीवर वाळत घातलेले इवलेसे आतले कपडे. नवरा लगबगीनं खाण्याच्या टेबलाकडे सटकला.

सासरे जवळ आले. चष्मा वर करून त्यांनी टोपी नीट पाहिली.

“अहो बाबा, ते...”

“हे मी पाहिलंय,” ते हळूच म्हणाले.

मला बाजूला खिडकीशी नेऊन त्यांनी सांगितलं, “साताऱ्याला, थेटरात, सकाळच्या खेळाला. नोकरीला लागून वर्ष झालं होतं. मध्यंतराला दिवे लागले तर दोन खुर्च्या सोडून आमचे हेडमास्तर! ते एका दारानं पळाले, मी दुसऱ्यानं. पुढं बारा वर्षं एका शाळेत काढली, पण दोघांनी अवाक्षर काढलं नाही.” मग इकडेतिकडे बघून म्हणाले, “शेवटी काय होतं गं त्यात?”

“नवरा घरी येतो, नळवाला खिडकीतून पळतो. कुणाच्याच हाती काही लागत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच, बाबा.”

ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “आणि यावर तू एवढा ग्रंथ लिहिलास!”

“तुमच्याशी खोटं बोलले,” मी म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

त्यांनी फोन काढला. माझ्या डोक्यावरची टोपी अलगद फिरवून टॉवेलवाली मागे घातली आणि एक फोटो काढला. “हा भावकीसाठी.”

मग टोपी पुन्हा फिरवून सोफा समोर आणला, टॉवेलवाली नीट बसवली.

“आणि हा माझ्यासाठी.”

त्या दुसऱ्या फोटोत मी रडतेय.