साप नसलेला पट

मी लग्नपत्रिका लावते. म्हणजे कॉम्प्युटरवर पानाची मांडणी करते. छापायचं काम दुर्गच्या प्रेसवाल्याचं. संक्रांतीच्या वाणात सगळ्या बाया स्टीलच्या वाट्याच देतात, म्हणून आईनं हट्ट धरला, यंदा आपण सापशिडी द्यायची, तीही घरी बनवलेली. दिवाळीच्या आधीच मी स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहातल्या तिच्या क्वार्टरमध्ये लॅपटॉप घेऊन बसले. चौकोन आखले, शिड्या लावल्या. पहिला साप टाकला आणि मातोश्री उखडल्या.

"अवं, वाणात साप देतेत का कुठं? काढ तो!"

"मग माणूस खाली कसा यीन?"

"खाली यायचं कावून? थोडा वेळ अडकू दे, बस."

मग सापाच्या जागी कार्डं आली. त्या घरात सोंगटी पडली की एक कार्ड उचलायचं. 'नळ गेला, एक डाव थांब.' 'दळणाचा डबा चक्कीतच राहिला, एक डाव थांब.' बाबा नुकतेच प्लांटमधून आलेले, बूट काढता काढता म्हणाले, "लिही, नाइट शिफ्ट लागली, दोन डाव झोप." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. प्रत्येक पानाच्या खाली आईचं नाव हवं होतं, वाण देणारीचं. ते मी मास्टर पेजवर टाकलं. तिथं एकदा लिहिलं की सगळ्या पानांवर आपोआप येतं.

दिवाळी झाली आणि बाबा गेले. ड्यूटीवरून आले, चहा मागितला, आणि चहा होईस्तोवर संपलं सगळं.

ती फाइल मी उघडणारच नव्हते. पण काही दिवसांनी आईनंच विचारलं, "तो पट कुठवर आला?" मला बरं वाटलं, हिचं मन कशात तरी लागलं.

"खाली तुहं नाव टाक," ती म्हणाली. "वाण तू दे, तुह्या घरी."

"आई, तुहं आहे ते."

"माह्या नावापुढं आता सौ. लिहिशीन का?"

मी मास्टर पेज उघडलं, तिचं नाव खोडलं, माझं लिहिलं. एका क्षणात प्रत्येक पानावरून, प्रत्येक कार्डावरून आई गेली. मेलं, इतकं सोपं कशाला केलं असेल कुणी!

संक्रांतीला मरोद्याला माझ्या घरी हळदीकुंकू झालं. आई सकाळपासून राबत होती. तिळाचे लाडू तिनंच वळले. बाया यायला लागल्या तशी ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. बाहेर कुणाला दम निघेना, तिथंच सतरंजीवर पट उघडून फासे पडायला लागले. मी एक पट घेऊन आत गेले.

"घे."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मले नाही चालत."

"तूच तर बनवला!" मी ओरडलेच. असा संताप आला, तिचा, त्या बायांचा, सगळ्या रीतीभातीचा. "हात तरी लाव!"

"अवं, सवाष्णींचं आहे ते. माह्या हातानं कावून बाटवू?" तेवढ्यात बाहेर हशा पिकला. तिनं मान वर केली. "खेळून राहिल्या का?"

"हाव."

"जा मग. पाहुण्या बसल्या आहेत."

मी पट घेऊन बाहेर आले. मागून आईनं दार लोटून घेतलं आणि आतून कडी लावली.