लॅव्हरॉकच्या चाकावरचा माणूस

एकतीस वर्षांचा होईपर्यंत गिडियन हॅलक्रो समुद्राला कधी भ्याला नव्हता. उत्तरेकडच्या शेटलंडमधल्या 'बरा' नावाच्या बेटावर जन्मलेल्याला तसं भिऊन चालायचंच नाही. बाप, काका, चुलतभाऊ, सगळे उघड्या होड्या वल्हवत खोल पाण्यात कॉड मासे धरायला जायचे. जे परत आले नाहीत त्यांच्याविषयी घरात फारसं बोलणं निघत नसे.

'लॅव्हरॉक' ॲबर्डीनच्या गोदीत पाण्यात उतरली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, आणि पहिल्याच सफरीला तिच्यावर चढला. जहाज चहासाठी बांधलेलं. अंगाने सडपातळ, पुढचं टोक सुरीसारखं, तीन उंच डोलकाठ्या आणि त्यांवर शिडांचं एवढं कापड की गोदीतले म्हातारे मान हलवायचे. चीनमधून नव्या हंगामाचा चहा घेऊन जे जहाज लंडनला आधी पोचेल, त्याच्या मालावर व्यापारी तुटून पडत. म्हणून दरवर्षी शर्यत लागायची, आणि लॅव्हरॉक बहुतेक वेळा पहिल्या तिघांत असायची.

गिडियन सुकाणूच्या चाकावर उभा राहिला की ती रेघ ओढल्यासारखी सरळ जायची. ती कुठे वळायच्या बेतात आहे ते त्याच्या तळपायांना आधी कळायचं. कप्तान फार्कर अबोल माणूस, पण वारा चढला की एवढं मात्र म्हणायचा, "हॅलक्रोला बोलवा."

मग सुएझचा कालवा उघडला. आगबोटी धूर सोडत त्यातून जाऊ लागल्या आणि बघता बघता चहाचा धंदा त्यांनी नेला. शिडाच्या जहाजांना उरली ऑस्ट्रेलियाची लोकर. तिकडे जायचं म्हणजे आफ्रिकेच्या टोकाखालून पार दक्षिणेला उतरायचं. तिथे पश्चिमेचा वारा कुठेही न अडता पृथ्वीभोवती फिरतो, आणि लाटांना किनारा म्हणून भेटतच नाही. त्या लाटा मागून येतात. चाकावरच्या माणसाने मागे बघायचं नाही, हा तिथला नियम. बघितलं की हात सुटतात.

त्या वर्षी गिडियनबरोबर त्याची बायको ओस्ला हिचा धाकटा भाऊ रॉबी मॅन्सन होता. वारा इतका होता की चाकाला दोघं लागायचे. दोघांच्याही कमरेला दोर बांधलेला. भर दुपार होती आणि कप्तानाने एकही शीड कमी केलेलं नव्हतं.

"दाजी," रॉबी म्हणाला, "माझ्या मागे काय आहे?"

"तुझं ढुंगण. समोर बघ."

"ते एवढा आवाज करत नाही."

गिडियन हसला. हसतानाच त्याला जाणवलं की वारा पडलाय. डोक्यावरची शिडं लोंबली, जहाजावर एकदम शांतता झाली. मागे काहीतरी एवढं उंच उभं राहिलं होतं की त्याने वाराच अडवला होता. मग पाणी आलं. छातीवर, तोंडात, डोक्यावरून. ते ओसरलं तेव्हा गिडियन चाकाला मिठी मारून होता आणि शेजारच्या दोराचं तुटलेलं टोक डेकवर वळवळत होतं.

मागून हाक आली. "गिडी!"

रॉबीने त्याला नावाने कधी हाक मारली नव्हती.

कप्तान कठड्याला धरून उभा होता. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. "सरळ ठेव," तो म्हणाला. तेवढंच.

गिडियनने सरळ ठेवलं. जहाज वळवलं असतं तर पुढची लाट आडवी बसून सगळेच गेले असते. हे त्याला ठाऊक होतं, कप्तानालाही ठाऊक होतं. हाक आणखी एकदा आली. मग नुसता वारा.

त्या सफरीत लॅव्हरॉकने आपलाच जुना विक्रम मोडला. मेलबर्नच्या धक्क्यावर लोकांनी टोप्या उडवल्या.

घरी पोचल्यावर गिडियनने ओस्लाला सगळं सांगितलं, हाकेसकट. ती चुलीपाशी बसली होती. बराच वेळ तिने ओटची भाकरी उलटलीच नाही.

"परत जाणार आहेस?" तिने विचारलं.

"हो."

"त्याच जहाजावर?"

"आता नाही गेलो तर भीती इथे घरात येऊन बसेल."

"ती आलीय," ओस्ला म्हणाली. "झोपेत पलंगाची कड धरतोस. बोटं सोडवावी लागतात मला."

तरी तो गेला. आफ्रिकेचं टोक मागे पडेपर्यंत बरा होता. पाणी काळपट दिसू लागलं तशी त्याची भूक गेली. खारवलेलं मांस तोंडात फिरायचं, गिळवत नसे. चाकावर उभं राहिलं की मानेवर कुणीतरी श्वास सोडतंय असं वाटे. तळपायांना आता जहाज कळेनासं झालं होतं. कळायची ती फक्त मागची उंची, वाढत जाणारी. एका सकाळी वारा पुन्हा तसाच चढला. शिडं सगळी वरच. जोडीदार खलाशी तोंडातल्या तोंडात प्रार्थना पुटपुटत होता. आणि मग, क्षणभरच, वारा पडला.

लाट खालून निघून गेली, जहाज उचललं गेलं, आपटलं, काही झालं नाही. पण गिडियनचे दात वाजू लागले होते.

"साहेब," तो म्हणाला, "वरची शिडं उतरवा. नाहीतर मी हात काढतो."

कप्तान फार्कर त्याच्यासमोर आला. "हात काढलास तर बेड्या घालीन."

"घाला. बेड्या घालून खालीच ठेवाल ना? तिथून लाट दिसत नाही."

गिडियनच्या तेव्हा ध्यानात आलं की हा माणूससुद्धा मागच्या लाटांकडे नजर जाऊ देत नाही. त्याचे डोळे लाल झाले होते. तो अगदी जवळ आला आणि जोडीदाराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तुला ऐकू येतो का तो?"

"कोण, साहेब?"

"मॅन्सन."

"रोज येतो."

"मलाही," कप्तान म्हणाला. मग वळून त्याने हुकूम दिला. माणसं वर चढली, एकेक शीड गुंडाळलं गेलं, जहाज जड पावलांनी चालल्यासारखं चालू लागलं. गिडियन चाकावर उभ्या उभ्या रडला. जोडीदाराने ते पाहिलं आणि नजर फिरवली.

लॅव्हरॉक बाकीच्यांच्या फार मागून पोचली. परत लंडनला आल्यावर कप्तानाने डोळे अधू झाल्याचं सांगून जहाज सोडलं. चाकावर झालेलं बोलणं त्याने कुणाला सांगितलं नाही. गिडियननेही आपली पेटी उचलली आणि उत्तरेकडे जाणारी बोट धरली.

पुढच्याच वर्षी लॅव्हरॉकला नवा तरुण कप्तान मिळाला. त्याने एकही शीड न उतरवता तिला पळवली आणि एक माणूस न गमावता नवा विक्रम केला. ही बातमी गिडियनला शेटलंडच्या लेरविक बंदरातल्या दुकानात दोरा विकत घेताना समजली. "तुझंच जहाज ना ते?" दुकानदाराने कौतुकाने विचारलं. गिडियन हो म्हणाला आणि दोरा तिथेच विसरून बाहेर पडला.

त्यानंतर तो जन्मभर कॉडच धरत राहिला. वारा पाठीवर घेऊन तो कधी घरी आला नाही. लांबचा वळसा घालायचा, वल्ही मारायचा. आभाळ जरा काळवंडलं की गळ गुंडाळायचा. बहुतेक वेळा वादळ येतच नसे, आणि शेजारी भरल्या होड्या घेऊन येताना विचारायचे, "काय गिडी, आज ढग चावला काय?" पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जायचा. भीत भीत, रोज.

बावीसेक वर्षांनी लॅव्हरॉक लेरविकला आली. नॉर्वेच्या मालकाने तिला घेतलं होतं. डोलकाठ्या आखूड केलेल्या, नाव बदललेलं, पोटात लाकूड, आणि डेकवर, आत शिरलेलं पाणी उपसायला, एक छोटी पवनचक्की करकरत होती. ओस्ला बघायला निघाली. गिडियन धक्क्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ती एकटीच फळीवरून चढली. नॉर्वेच्या खलाशाने तिला हात दिला. ती मागच्या बाजूला बराच वेळ उभी होती.

परत आली तेव्हा तिच्या शालीला डांबर लागलं होतं.

"मी मागे बघितलं," ती म्हणाली.

"काय होतं?"

"बंदर. माशांची दुकानं." तिने शालीवरचं डांबर नखाने खरवडलं. "तिथे आडोसा कसलाच नाही रे. एवढंसं चाक आणि उघडी पाठ. तू मला हे कधी सांगितलं नव्हतंस."

ओस्लाने गिडियनचा हात आपल्या शालीत घेतला. हात गार पडला होता. घरी पोचेपर्यंत तिने तो सोडला नाही.