कुंभारीतला तो फोटो मी कापला नाही

अंबादासकाका काल गेले, आणि आज दुकानाचं शटर वर करायच्या आत त्यांचा फोटो कापायची ऑर्डर आली.

ऑर्डर त्यांच्याच मुलाची, श्रीनिवासची. पप्पांचा फोटो तुझ्याकडं असेल, त्यातला फक्त चेहरा घे, चौकात फ्लेक्स लावायचाय, म्हणाला.

सोलापुरात नवी पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवस आणि श्रद्धांजली.

गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो बऱ्याच घरांत नसतोच. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो येतो. मी त्यातून चेहरा उचलते, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसते आणि मागं निळं आभाळ टाकते.

काकांना हे बघवायचं नाही.

"कापू नको गं. शेजारचं माणूस कुटं जाईल मग?"

मी म्हणायचे, काका, माझं पोट आहे यावर. मग ते माझ्याच नावावर चहा मागवायचे.

काका चादरीचे डिझायनर. ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवून नक्षी काढण्यात जन्म गेला. रिटायर झाले आणि या नादाला लागले. ओळखीपाळखीच्या घरांतून जुने फोटो, पत्रं, नक्षीचे कागद मागून आणायचे, माझ्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्यायचे आणि त्याच दिवशी ज्याचं त्याला परत नेऊन द्यायचे.

स्कॅनर माझा, लाईट बिल माझं, आणि वर मलाच सूचना. "काच पूस की नीट."

सगळ्यांना वाटायचं, काका सोलापूरचा इतिहास गोळा करताहेत. करत होतेच. हार्डडिस्क भरलीय माझी.

पण मला माहीत होतं. ते एक फोटो शोधत होते.

विडी कारखान्यातल्या बायकांचा फोटो. एका संक्रांतीला नवी लुगडी नेसून सगळ्या मिळून स्टुडिओत गेल्या होत्या आणि प्रत्येकीनं एकेक प्रत घेतली होती. त्यातलीच एक काकांची अम्मा, त्यांची आई. तिची प्रत काकांच्या पिशवीत कायम असायची.

तिच्यात अम्मा खांद्यापर्यंत होती. वर गोल भोक.

काका रांगत होते तेव्हा अम्मा गेली. तिचा दुसरा फोटोच नव्हता. म्हणून घरच्यांनी कात्रीनं तेवढा चेहरा कापून फ्रेम केला. तेव्हा घरोघरी असंच करायचे. पुढं फ्रेमची काच फुटली, ती कुणी बसवली नाही. प्रत्येक सणाला कुंकू थेट फोटोवर. काका शाळेत जायला लागेपर्यंत चेहऱ्याच्या जागी लाल डाग तेवढा उरला होता.

आई कशी दिसायची, हे त्यांना माहीतच नव्हतं.

फोटोतल्या बाकीच्या बायकांच्या घरी कुठंतरी दुसरी प्रत असणार, या एका आशेवर ते फिरत होते. कुणाची मुलं बार्शीला गेलेली, कुणाची भिवंडीला. कुठं फोटो हरवलेला, कुठं वाळवीनं खाल्लेला.

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरजवळच्या कुंभारीत नरसम्माआज्जींच्या घरी तो निघाला. आज्जींची थोरली बहीण, त्यांची अक्का, त्या फोटोत होती. मीही काकांबरोबर गेले होते.

आज्जींनी पत्र्याच्या पेटीतून फोटो काढला.

त्यातही भोक होतं.

पण ते अक्काच्या जागी. ती गेल्यावर या घरानंही आपलं माणूस कापून घेतलं होतं. दुसऱ्याच्या माणसाला कोण कशाला कात्री लावेल?

काकांची अम्मा तिथं होती. अख्खी.

काकांनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला. मग फोटो माझ्याकडं सरकवला.

"कान बघ."

काकांचे कान सुपाएवढे. त्यावरून मी त्यांना मनसोक्त छळलंय. अम्माचे डिट्टो तसेच.

मी रडले. काका नाही रडले. त्यांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली आणि आज्जींच्या हातात दिली. तिच्यात अक्का अख्खी होती. आज्जींनी ती डोळ्यांपाशी नेली आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात मी दोन्ही स्कॅन जोडले. आता दोन्ही घरांत एकेक पूर्ण फोटो आहे.

त्या दिवशी कुंभारीत मी मोबाईलवर एक फोटो काढला होता. काका आणि नरसम्माआज्जी शेजारी शेजारी, हातात ते भोकं पडलेले फोटो. काका त्यात हसताहेत. माझ्याकडं त्यांचा तेवढाच फोटो आहे. दुसऱ्यांचे फोटो जमवण्यात स्वतःचा काढायचा राहिलाच.

श्रीनिवासला सांगितलं, हा मी कापणार नाही.

तो वैतागला. "ताई, आज्जी जिती हाय. जित्या माणसाला श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कोण घालतंय? लोकं तोंडात शेण घालतील."

पोरगं खरं बोलत होतं. असलं अपशकुनी काम मी आजवर केलेलं नाही. मी चेहऱ्याभोवती क्रॉपचा चौकोन ओढलासुद्धा होता.

मग न राहवून आज्जींना फोन लावला. काका गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी अडचण सांगितली. फोटोत तुम्ही आहात, काढू का तुम्हाला?

तिकडं शेळी ओरडत होती. आज्जी म्हणाल्या,

"ऱ्हाऊ दे की मला. त्यानं माझी अक्का घरी आणून दिली. त्याला एकट्याला नको लावू."

हे मी श्रीनिवासला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, लाव तसाच.

दुपारी फ्लेक्स लागला. लोक थांबून विचारताहेत, यातलं नक्की कोण गेलं?

मोठ्या कानांचे ते अंबादासकाका. ते गेले. आज्जी ठणठणीत आहेत.

काका, शेजारचं माणूस शेजारीच आहे.

या आता.