दिगंबरचा फेटा अजून माझ्याकडंच आहे

दिगंबर गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात एका बंडीचा गळा कापत होतो. शेजारचा पानवाला धावत आला. म्हणाला, “मास्तर, दिगूअण्णा गेले. उमरग्याच्या दवाखान्यात, सकाळीच.” मी “बरं” म्हणालो आणि गळा पुरा कापला. पानवाला माझ्याकडं बघतच राहिला. बघू दे. पंधरा दिवसांनी शोकसभा झाली, तिथं मी मागच्या सतरंजीवर बसलो. चौघं बोलले. एकानं दिगंबरला दिलदार म्हटलं, दुसऱ्यानं सिंहाच्या छातीचा म्हटलं. सिंहाच्या! अहो, त्या छातीचं माप वीस वर्षं मी घेतलंय. कोटात कापूस भरून भरून मीच ती फुगवून दिली होती. आता महिना उलटून गेला, आणि या पुरवणीत चार आठवणी लिहा म्हणून मला सांगण्यात आलं. लिहितो. गोड लिहायला मात्र सांगू नका.

आम्ही दोघं एका वर्गातले. निजामाच्या अमलात शाळा उर्दू, त्यामुळं दिगंबरला माझ्यासारखंच उर्दू येई, पण मला त्याच्यासारखं मराठी लिहिता येत नसे. विलीनीकरणानंतरचे दिवस आमच्या गल्लीला जड गेले. अब्बांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि मला घरात बसवलं. “कुछ दिन चुप बैठेंगे,” म्हणाले. त्या काळात आमच्या गल्लीत कुणी पाय टाकत नव्हतं. दिगंबर भरदुपारी आला, सगळ्यांच्या देखत, आणि दार वाजवून म्हणाला, “चाचा, जत्रंचं नाटक बसवतोय. रसूलला द्या. सेनापती त्याच्याशिवाय व्हायचा न्हाय.” हे त्यानं केलं. नाही म्हणालो तर माझी जीभ झडेल. माझी नक्कल, म्हणजे माझ्या वाट्याची भाषणं, त्यानं स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहून दिली. तिच्यावरून मी मराठी गिरवलं. आज हे लिहितोय ती वळणंसुद्धा त्याचीच आहेत… काय करणार!

नाटक जुनं, राजाचं आणि सेनापतीचं. लहानपणापासूनचे दोस्त. पहिल्या अंकात राजा सेनापतीला आपल्याच ताटात जेवायला बसवतो. दुसऱ्यात पाट वेगळा होतो. तिसऱ्यात सेनापती समोर उभा असताना राजा भलतीकडं बघत “त्यांना सांगा” म्हणतो. चौथ्यात मारेकरी धाडतो, आणि पाचव्यात प्रेताशी बसून धाय मोकलून रडतो. भांडण कुठंच नाही, कडू शब्द नाही. दरबारातले चार जण कानाशी लागतात आणि राजा घाबरतो, बस्स. राजा दिगंबर, सेनापती मी. पण दिगंबरला तो बदल कधी साधलाच नाही. पहिल्या अंकातलं मायेचं तोंड घेऊन तो तिसऱ्यातही उभा! मी तालमीत म्हणायचो, “अरे, आता तुला माझ्याशी बोलायची भीती वाटायला लागलीय, ते दिसू दे की.” तो हसायचा. “तुझी कसली भीती रं मला? आपल्याच्यानं न्हाय होत ते.” सात जत्रा आम्ही ते नाटक केलं आणि सातही जत्रा तो तिसऱ्या अंकात पडला.

आमच्याकडं भर नाटकात आहेर करायची रीत. आहेर आला की प्रवेश थांबायचा. ज्याला आहेर, त्यानं पुढं येऊन आभार मानायचे आणि सगळ्या नटांची नावं गावाला सांगायची. त्या सातव्या वर्षी तालुक्याहून एक पुढारी पाहुणे येणार होते. दिगंबरला पंचायतीला उभं राहायचं होतं, त्यांची मर्जी हवी होती. दुपारी तो दुकानात येऊन म्हणाला, “रसूल, आज आहेर मला हाय. पाहुण्यांसमोर तुझं पुरं नाव घेतो बघ, बापाच्या नावासकट. अब्बांना पुढं बसव.” अब्बा इतक्या वर्षांत नाटकाला आले नव्हते, गर्दीत जायचंच त्यांनी सोडलं होतं. मी हातापाया पडून त्यांना आणलं, धुतलेली शेरवानी घालून पुढच्या बाकावर बसवलं.

पाचवा अंक. मी मरून पडलेलो. दिगंबर माझं डोकं मांडीवर घेऊन रडतोय, आणि आहेराची घंटा झाली. पठ्ठ्यानं माझं डोकं फळीवर ठेवलं, डोळे पुसले, पाहुण्यांकडून जरीचा फेटा बांधून घेतला आणि नावं घ्यायला लागला. प्रधान, राणीचं काम करणारा, पेटीवाला, पडदा ओढणारा… सगळे झाले. मग थांबला. मी मिटल्या डोळ्यांनी ऐकत होतो. म्हणाला, “आणि सेनापतीचं काम आपल्या गावातल्या एका गड्यानं केलंय.” एका गड्यानं! पाहुण्यांनी काही विचारलं नव्हतं, कुणी नको म्हणालं नव्हतं. त्याचा तोच भ्याला. मला उठून ओरडावंसं वाटलं, इब्राहिमचा रसूल म्हण, मेल्या! पण मेलेल्यानं उठायचं नसतं. मी पडून राहिलो आणि तो पुन्हा माझं डोकं मांडीवर घेऊन रडायला बसला. लोक म्हणाले, आज काय रडला दिगूअण्णा! घरी जाताना अब्बा एवढंच बोलले, “काम अच्छा करा रे तू.” पुन्हा ते कधी नाटकाला आले नाहीत, आणि वर्षाच्या आत गेले.

मयताला दिगंबर आला होता. मागं उभा राहिला, चार लोक बघतायत म्हटल्यावर निघून गेला. त्याआधी, जत्रेच्या दुसऱ्या दिवशीच, तो दुकानात येऊन गेला होता. मला वाटलं, काहीतरी बोलेल. तर यानं पिशवीतून तोच फेटा काढला. “रसूल, काठ उसवलाय. जरा टीप मार.” बेशरमपणाची कमाल झाली की नाही? मी म्हणालो, “ठेव. ह्या रंगाचा दोरा न्हाय.”

मग दर जत्रेच्या आधी तो यायचा. बाकड्यावर बसायचा, चहा घ्यायचा, निघताना हळूच विचारायचा, “झाला का, रसूल?” मी म्हणायचो, “दोरा मिळाला न्हाय.” सोलापूरला गाड्या जात होत्या, रंगारंगाचा दोरा येत होता, त्याला काय ठाऊक नव्हतं? अकरा वर्षं विचारलं. पंचायतीत बसला, हार घालून घेतले, भाषणं ठोकली, पण ते एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. आणि मीही काही थोर नाही. मलाही ते त्याच्याकडून मागता आलं नाही. त्याचा राग राग करत मी दर वर्षी जत्रेची वाट मात्र बघायचो.

परवा त्याचा थोरला आला. उभ्या उभ्याच म्हणाला, “मास्तर, बाबांचा एक फेटा तुमच्याकडं हाय म्हणायचे. झाला असंल तर नेतो.”

“दोरा मिळाला न्हाय अजून,” मी म्हणालो.

तो गेल्यावर मी ट्रंक उघडली. फेटा तसाच घडीत, डांबराच्या गोळ्यांत. काठावरून बोट फिरवलं. टीप सरळ आहे, पक्की आहे. ती मी त्याच दिवशी मारली होती, दिगंबर दुकानाची पायरी उतरून कोपऱ्यावर पोचायच्या आत.