अविधवा नवमीचा पियानो

निकाल सांगायला उभे राहिले की काका आधी दोन बोटं वर करायचे. "दुसरा नंबर..." म्हणून नाव वाचायचे, मग तिसरा, मग उत्तेजनार्थ. पहिला यायचाच नाही. नव्या पालकांना वाटायचं, म्हातारा विसरला. कुणीतरी विचारायचंच, "और फर्स्ट?" काका शांतपणे सांगायचे, "फर्स्ट तो कब का लग चुका."

तो लागला होता त्यांच्या बायकोला. काकू बनारसच्या एका शाळेत पियानो शिकवायच्या. त्या गेल्यावर काकांनी त्यांचा पियानो आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आणून ठेवला आणि त्यांच्या नावाने मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. स्वतः काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. "मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही," हे ते परीक्षकांनाच अभिमानाने सांगायचे. स्पर्धकांच्या गळ्यात मात्र सुतळीने पार्सलची लेबलं बांधायचे: नंबर, नाव, कुठून, कुठे. बिचारी मुलं 'कुठे'च्या पुढे काय लिहायचं म्हणून आयांकडे बघत बसायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या प्रेमाचा ताप बाकीच्यांना होतो. मी स्पर्धेचा सचिव होतो, म्हणजे ताप मला.

स्पर्धा पितृपक्षातच व्हायची, तीही अविधवा नवमीला. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची ती तिथी, एवढं काकांना पुरेसं होतं. मुलांच्या परीक्षा, गंगेचा पूर, कशाचाच मुलाहिजा नाही. तिथी दर वर्षी सरकायची आणि लखनौची मुलं मागच्या वर्षीची तारीख धरून येऊन कुलूप बघून परत जायची. वेळेवर आलेल्यांना वडे, खीर आणि आमसुलाची चटणी. परीक्षकांना तर पाटावर बसवून काका त्यांच्या पायांवर पाणी घालायचे. एक गोव्याचे ख्रिस्ती परीक्षक दुसऱ्या वर्षापासून घरूनच मोजे न घालता येऊ लागले.

एका वर्षी पुराचं पाणी मुन्शी घाट ओलांडून गल्लीत शिरलं. आम्ही पियानो लाकडी तख्तांवर चढवला. स्पर्धक आली एकच, एका दातांच्या डॉक्टरांची नऊ वर्षांची मुलगी, वडिलांबरोबर नावेतून. तिने वाजवलं आणि काकांनी दोन बोटं वर केली.

डॉक्टर भडकले. "अकेली है, फिर भी सेकंड?"

"डॉक्टर साहब, हमारी मिसेस के बाद सेकंड है," काका हात जोडून म्हणाले. "छोटी बात नहीं है."

मुलगी रडत गेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा आली. नंतर दर वर्षी यायची, दर वर्षी दुसरी.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, स्पर्धा डिसेंबरात घेऊ आणि एकदाचा पहिला नंबर देऊन टाका. काकू काय रागावणार आहेत?"

काका लेबलांना सुतळी ओवत होते. "अरे, ड्युटीवरून आलो की रोज म्हणायचो, बंद कर ते. एकदासुद्धा छान वाजवलंस म्हटलं नाही. ती होती तेव्हा तिला नंबर दिला नाही, आता दिलेला कसा काढून घेऊ?"

मी सुतळीचा पुढचा तुकडा कापून त्यांच्या हातात दिला.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. नवरा गेला की बायकोचं नवमीचं श्राद्ध संपतं, असं गुरुजींनी सांगितलं आणि समितीने सुटकेचा निःश्वास टाकला. स्पर्धा डिसेंबरात, पहिल्या नंबराला ढाल, असा ठराव झाला. तो मीच लिहिला, खोटं कशाला बोलू, आनंदाने लिहिला.

यंदा नवमीला दुपारी उगाच हॉलकडे गेलो. पायरीवर डॉक्टरांची मुलगी बसली होती, आता कॉलेजात जाणारी. गळ्यात काकांचं जुनं लेबल.

"अंकल, चाबी है न?"

मी कुलूप उघडलं. तिने पियानो पुसला आणि वाजवायला लागली. मला काकांपेक्षा जास्त कळतं असं नाही, पण डोळे भरून आले. वाजवून झाल्यावर ती माझ्याकडे वळून बसून राहिली, हात मांडीवर घट्ट धरून.

मी दोन बोटं वर केली.

तिने श्वास सोडला. "डर लग रहा था, अंकल," ती म्हणाली, "कहीं आप फर्स्ट न दे दें."